पळून गेलेल्या

आमच्याकडं जतला बाई ‘पळून गेली’ म्हणजे कुणाचा तरी हात धरून गेली, दुसरा अर्थ नाही. माझी आई साताऱ्याकडच्या एका वीटभट्टीवरून पळाली, तेव्हा मी तिच्या पोटात होते. मुकादमानं तिथं मजूर कोंडून ठेवले होते. माझा बाप गावी जातो म्हणाला, तर मुकादमानं त्याला फावड्याच्या दांड्यानं मरेस्तोवर मारलं. मग मुकादम आईच्या अंगाला झोंबला. आईनं विटांचा लोखंडी साचा त्याच्या तोंडावर हाणला आणि उसातून अनवाणी सुटली.

गाव म्हणालं, पळून गेलेली. शाळेत मुली मला विचारायच्या, तुझा खरा बाप कोण? एकीचा मी दात पाडला. अजूनही मला त्याचं वाईट वाटत नाही.

गेल्या वर्षी एका संस्थेनं अशा बायकांसाठी एसटी थांब्याजवळ दगड उभारला. नारळ फुटला, कापड निघालं. कोरणाऱ्यानं सरळ मनानं कोरलं होतं : ‘वीटभट्टीवरून पळून गेलेल्या स्त्रियांच्या सन्मानार्थ.’

शेजारच्या घरातला माझ्याच वयाचा गडी खिदळला, “कुनासंगं रं?” सगळे पुरुष हसले.

माझं डोकं फिरलं. गवंड्याचा हातोडा तिथंच पडला होता, तो उचलून मी आधी दगडावरच्या ‘पळून’ या शब्दावर घातला. टवका उडाला. मग त्या गड्याकडं वळले. त्याचं डोकं फोडायचंच होतं, खोटं कशाला बोलू? आईनं माझं मनगट धरलं आणि ती त्याच्याशी बोलली.

“मी पळाले. तुझा बाप बी तितंच भट्टीवर हुता, त्यो न्हाई पळाला. मुकादम म्हनला तसं त्यानंच माझ्या मालकाचं, हिच्या बापाचं, हात बांधलं, मारायच्या आदी. बांधताना रडत हुता.”

कुणी हसलं नाही.

घरी येताना मी आईवरच ओरडले. लहानपणी रोज त्या गड्याच्याच घरून मी ताक आणायचे, आईच तांब्या देऊन पाठवायची. “ठावं असून त्यांचं ताक पाजलंस मला?”

“आगं,” आई म्हणाली, “दुसरं कोन दारात हुबं करत हुतं आपल्याला?”