कोंबडा छाप ग्लास आणि नवसाचं दूध

यांची विडी सुटावी म्हणून मी अंबादेवीला नवस बोलले होते, "आई, एवढं कर, पाच सवाष्णींना केशराचं दूध पाजीन!" आणि काय सांगू बायांनो, देवी पावली! पण तो नवस मी कसा फेडला, ते ऐकाल तर तोंडाला पदर लावाल.

तेव्हा आम्ही अमरावतीला राहत होतो. विडी सोडून यांना जेमतेम महिना झालेला. जेवण झालं की हात आपोआप खिशाकडे जायचा! सासूबाई म्हणायच्या, "नवस फेड लवकर. नाही तं देवी रुसन, अन् हा पुन्हा धुराडं पेटवन."

घरात पितळी पेले होते. पण माझी हौस दांडगी! दूध कसं काचेच्या ग्लासात शोभतं.

"अवं, ग्लास आहेत ना!" म्हणत यांनी ट्रंकेतून सहा कोरे ग्लास काढले. विडीवाल्या दुकानदारानं जुन्या गिऱ्हाईकाला निरोपाची भेट दिलेली! प्रत्येकावर लालभडक कोंबडा, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'कोंबडा छाप विडी'.

आता तुम्हीच सांगा, विडी सुटल्याचा नवस, आणि त्यावर विडीचाच कोंबडा? वर हे त्या कोंबड्याकडे माहेरचं माणूस भेटल्यासारखे बघत बसलेले!

राखेनं घासलं. कोंबडा जागेवर. चिंच-मीठ लावलं. तुरासुद्धा हलला नाही!

"काचीले चरे पडतीन ना," सासूबाई म्हणाल्या. "घासलेट लाव."

चिंधी घासलेटात बुडवली आणि चोळत बसले. दुपारपर्यंत सगळे कोंबडे उडाले! काच अशी लखलखली की मी स्वतःवरच खूश. तेवढ्यात सवाष्णी दारात. घाईघाईनं ग्लास पाण्यातून काढले, पुसले, झालं. वास? सकाळपासून घासलेटात बसलेल्या बाईला कुठला वास यायला?

गरम दूध ओतलं. पहिला घोट शेजारच्या गोदाकाकूंनी घेतला. डोळे हे एवढे झाले! पण देवीचा प्रसाद, टाकायचा कसा?

"कसं झालं, काकू?"

"वेगळंच लागून राहिलं वो बाई."

"केशर माह्या भावानं अकोल्याहून आणलं!"

"असं काय? लय तेज आहे वो अकोल्याचं केशर."

बाकीच्या चौघी डोळे मिटून पीत होत्या. मला वाटलं, काय ही भक्ती! माझा तर उपास, मी कुठली चाखते? मग सुरू केला आग्रह.

"अजून घ्या!"

"नको वो, पोट भरलं!"

"असं कसं? माह्या गळ्याची शपथ!"

पुन्हा सगळ्यांचे ग्लास काठोकाठ.

सहावा ग्लास यांना दिला. एक घोट घेतला आणि ग्लास खाली.

"काहून? साखर कमी आहे?"

"साखर राहू दे. ग्लास कशानं घासले तू?"

"घासलेटानं."

"मंग तुह्या देवीले सांग, नवस पक्का झाला! आता मी विडी पेटवली तं पोटातच भडका होईन!"

गोदाकाकूंचं इतका वेळ दाबून धरलेलं हसू असं फुटलं, की पाठोपाठ पाचही जणी लोळायच्या बाकी राहिल्या. मी उपास सोडायला यांच्याच ग्लासातला एक घोट घेतला, आणि देवीची नजर चुकवून न्हाणीकडे पळाले!

पण यांनी पुन्हा विडीला हात लावला नाही, बरं का. मी म्हणते देवी पावली. हे अजून म्हणतात, घासलेट पावलं!

तर बायांनो, तुमच्याही घरी कोणाची विडी सुटत नसेल, तर अंबादेवीला नवस बोला. मनापासून बोला, ती ऐकते. आणि मला सवाष्ण म्हणून जरूर बोलवा. फक्त माझं दूध तेवढं पितळी पेल्यात द्या.