सायकलची सीट

अख्ख्या मालाडमध्ये आमच्या समोरच्या खोलीतल्या मुलीइतकं सरळ माणूस नव्हतं, आणि तिच्याइतकं बेधडक, रोज संध्याकाळी साडेसहाला, सलग दोन वर्षं खोटं बोलणारंही दुसरं कुणी नव्हतं. खोटं एकच. "मला सायकल येत नाही रे." अहो, दहावीपर्यंत ही बया मालवणला होती आणि धाकट्या भावाला दांडीवर बसवून शाळेत जायची! मला हे कळायला दोन वर्षं लागली, यावरून माझी तेव्हाची अक्कल ओळखा.

एरवी खोटं तिला पचतच नसे. माझ्या आईने कौतुकाने आमटी दिली तर "काकी, मीठ विसरलात," हे ती जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगायची, आणि वर आणखी एक वाटी मागायची. दार न वाजवता घरात शिरायची, टोपांवरची झाकणं उचलून बघायची. रिक्षावाल्याशी कडाकडा भांडायची आणि उतरताना त्याच्या मुलीच्या दहावीची चौकशी करायची. कॉलेजात तिने एक प्रशिक्षण घेतलं. तरुण पोरांना नशेपासून मोठ्यांनी नाही, त्यांच्याच वयाच्यांनी सांभाळायचं, असं काहीतरी. गळ्यात ओळखपत्र घालून तिने चाळीच्या अंगणात भाषण ठेवलं. श्रोते तिघे: तिची आई, नळाची वाट बघत बादली घेऊन उभे असलेले कांबळेकाका आणि मी, तोही नंतर वडे होते म्हणून. फुप्फुसांचा तक्ता वाऱ्याने उडून थेट गटारात गेला. "वाट लागली!" म्हणत ती स्वतःच पोट धरून हसली. पण हसता हसता तिने माझे डोळे पाहिले असणार. लाल होते.

मी तेव्हा रोज साडेसहाला मैदानामागच्या पाण्याच्या टाकीपाशी जायचो. बारावीत नापास झालो होतो. घरी बाबा बोलत नव्हते, टाकीपाशी जमणाऱ्या पोरांतला निलेश बोलायचा. आधी सिगारेट, मग तिच्यात गांजा. मला तो आवडायचा असंही नाही, पण निलेशने पुढे केला की माझा हात आपोआप जायचा. खरं सांगतो, मी मनातून फार घाबरलो होतो.

तर एके दिवशी बरोबर साडेसहाला ही बया एक जुनी सायकल घेऊन दारात हजर. "सीट धर. मी पडले तर आईला तू सांगायचंस." झालं! ती डावीकडे कलायची, उजवीकडे कलायची, "सोडू नको मेल्या!" म्हणून किंचाळायची, आणि मी धापा टाकत मैदानाच्या फेऱ्या मारायचो. टाकीकडून निलेशची हाक आली. मी ओरडलो, "कसा येऊ? ही पडेल ना!" आणि काय हायसं वाटलं म्हणून सांगू! मी गेलो नाही, तरी मला कुणी भित्रा म्हटलं नाही.

एकदा तिला चुकवून टाकीपाशी गेलोच. दहा मिनिटांत ती सायकलसकट तिथे. उपदेश नाही, काही नाही. पाइपावर आमच्यात बसली आणि डास मारत म्हणाली, "चालू द्या तुमचं. मी थांबते." आता असं कुणी बसल्यावर कश कसला मारणार? शेवटी निलेशच वैतागला. "ए, धर रे बाबा हिची सीट!"

"तूच धर ना. याला दम लागतो."

आणि निलेशने धरली! दिवाळीपर्यंत सीट धरणारे आम्ही चौघे झालो. पाळीवरून भांडायचो. एखादा आला नाही तर तिला सांगावं लागत नसे, आम्हीच टाकीमागे जाऊन त्याला उचलून आणायचो.

पुढे मी पास झालो, घाटकोपरला नोकरी लागली. पेढे द्यायला गेलो तेव्हा तिच्या आईला म्हटलं, "काकी, एवढ्या दिवसांत हिला सायकल तेवढी आली नाही."

"सायकल? अरे, आमचा चेडू पाचवीपासून चालवता!"

मी हिच्याकडे वळलो. "तुला येत होती?"

"हो," ती पेढा खात शांतपणे म्हणाली. "पण तुला नाही म्हणायला येत नव्हतं ना."

आता ती लग्न होऊन मुलुंडला असते. मागच्या महिन्यात फोन केला तर घाईत होती. सोसायटीतली कुणी कॉलेजची मुलगी हल्ली गप्पगप्प असते, संध्याकाळी भलत्याच घोळक्यात दिसते. तिच्याकडून ही रोज साडेसहाला पोहायला शिकतेय म्हणे. मालवणच्या खाडीकाठी वाढलेली बाई! "शीक, शीक," मी म्हटलं. फक्त त्या अनोळखी मुलीला सांगावंसं वाटलं, घट्ट धर गं, सोडू नको तिला. आणि खरं सांगू? त्या मुलीचा जरा हेवाच वाटला.