तिच्या तोंडी घातलेली ओळ

मी मुलांच्या पुस्तकांवर ब्लॉग लिहिते. पाथर्डीकडच्या झेडपीच्या शाळेत शिकवते, त्यामुळे मुलं आयतीच हाताशी असतात. प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी ‘वर्गातला वाचक’ म्हणून मी एका मुलाचं मत देते. लोक माझी दोन पानं नुसती चाळतात आणि त्या दोन ओळी मात्र मन लावून वाचतात. याचा मला थोडा रागही येतो.

त्या ओळी बहुतेक वेळा चौथीतल्या एकाच मुलीच्या असायच्या. पावसात नाचणाऱ्या मुलांचं एक गुळगुळीत पुस्तक वाचून ती म्हणाली होती, “ह्यांचं घर गळत न्हाई का?” त्या पुस्तकाबद्दल याहून जास्त काही लिहायला उरलं नव्हतं. मी तरी लिहिलंच.

दिवाळीच्या आधी एक नवं पुस्तक माझ्याकडे परीक्षणासाठी आलं. हरवलेली शेळी शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट होती. माझ्या त्या चौथीतल्या मुलीनं ते माझ्या पिशवीत पाहिलं. दोन दिवसांनी ती आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणार होती. “बाई, हे मी घेऊन जाऊ? कोपीवर वाचीन,” ती म्हणाली. कोपी म्हणजे तोडणीवाल्यांची उसाच्या पाचटाची झोपडी.

मी नाही म्हटलं. फोटो काढायचा राहिला होता. आम्हा ब्लॉगवाल्यांना हे एक खूळ असतं, पुस्तकाला अजून कुणाचा हात लागलेला नाही असं फोटोत दिसलं पाहिजे. कोपरा दुमडलेला नको, बोटाचा डाग नको. फोटो निघेपर्यंत मी नवी पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवते. परत आलीस की सगळ्यांत आधी तुलाच देईन, असं तिला सांगितलं. तिनं मान हलवली आणि ती गेली. फोटो छान आला, शेजारी झेंडूचं फूल ठेवलं होतं.

परीक्षण लिहून झालं तेव्हा लक्षात आलं, पुस्तक एकाही मुलानं वाचलेलं नाही. दुसऱ्या कुणाला देऊन दोन दिवस थांबता आलं असतं. मला घाई होती. मी तिच्या नावानं लिहून टाकलं: ‘शेळी घरी आली, पण मलाच घरी आल्यासारखं वाटलं.’ दोन मिनिटंही लागली नाहीत. ती ओळ जिकडेतिकडे गेली.

जानेवारीत नगरला आम्हा बालसाहित्याच्या ब्लॉगवाल्यांचं छोटंसं संमेलन भरलं. एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत वीसेक माणसं, चहा, चिवडा आणि प्रत्येकाच्या छातीवर आपापल्या ब्लॉगचं नाव. भिंतीवर कार्डशीट लावले होते आणि त्यांवर सगळ्यांच्या ब्लॉगमधल्या निवडक ओळी स्केचपेनानं लिहिल्या होत्या. दारातून आत शिरताच पहिली दिसली ती माझी, म्हणजे तिची, म्हणजे माझीच.

त्या मुलीबद्दल दोन शब्द बोला, असं मला सांगितलं गेलं. तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी मात्र सांगत बसले की पुस्तक हातात घ्यायच्या आधी ती फ्रॉकला हात पुसते. ते खरंच होतं. खऱ्याला पुढे करून खोटं लपवलं, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

श्रीरामपूरकडच्या एक निवृत्त ग्रंथपालबाई आल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “ती कुठल्या पानावर जास्त वेळ थांबली?” वाचक त्यावरून ओळखू येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. शेळी सापडते त्या पानावर, असं मी ठोकून दिलं. खोलीत सगळ्यांना भरून आलं.

संध्याकाळी निघताना सगळ्यांनी मिळून मला त्याच पुस्तकाची नवी प्रत दिली. पहिल्या पानावर ती ओळ, खाली तिचं नाव आणि सगळ्यांच्या सह्या. तिच्या हातात द्या, म्हणाले.

आठवडाभर ती प्रत कपाटात राहिली. पहिलं पान फाडून द्यावं असंही मनात आलं, हे लपवत नाही. शेवटी रविवारी दोन्ही प्रती पिशवीत घातल्या, तिच्या आईला फोन करून ठिकाण विचारलं आणि कोल्हार गाठलं. पाटाच्या कडेला कोप्या होत्या. ती भांडी घासत होती. मला पाहून उठली आणि पुस्तकं दिसताच तिनं फ्रॉकला हात पुसले.

तिनं सह्यांची प्रत आधी उघडली. बोट ठेवून ओळ वाचली, मग परत वाचली.

“हे मी कवा म्हनले, बाई?”

तू नाही म्हणालीस, मी सांगितलं. मीच लिहिलं आणि खाली तुझं नाव घातलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं ते पुस्तक मिटून माझ्या हातात परत दिलं आणि दुसरं, कोरं, स्वतःकडे ठेवलं.

“मी वाचून सांगते,” ती म्हणाली. “तवर माज्या नावानं काय लिवू नका.”

परतीच्या बसमध्येच मी मोबाईलवरून ब्लॉगवरची ती ओळ काढली आणि ती मी रचली होती, मुलीला मी पुस्तक दिलंच नव्हतं, असं तिथे लिहिलं. संमेलनाच्या ग्रुपवरही तेच टाकलं. मग ग्रंथपालबाईंचा मेसेज आला. त्यांनी पुन्हा तेच विचारलं होतं, ती कुठल्या पानावर थांबली?

मी लिहिलं, अजून तिनं सांगितलेलं नाही.