सवलतीचा अर्ज आणि मागचा संडास

“अरे, तू? बरं झालं आलास. मागचा संडास तुंबलाय. जरा बघून घे.”

साहेब खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. समोर अर्जांचा गठ्ठा, हातात पेन. माझ्या हातात टोकन, एकतीस नंबरचं. ते त्यांनी बघितलंच नाही. फक्त चेहरा बघितला, आणि काम सांगितलं.

मुलुंडला आमच्या मागच्या गल्लीत टॉवरवाल्यांची मोठी सोसायटी आहे. तिच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी कॅम्प होता. ज्येष्ठ घरमालकांना मालमत्ता करात सवलत मिळावी म्हणून अर्ज भरून घेणार, असा बोर्ड नाक्यावर लागला होता. माझं वय अडुसष्ट. घर माझ्या नावावर. तीस वर्षं मी मलनिःसारण खात्यात मॅनहोलमध्ये उतरलो, बायकोनं लोकांच्या पोळ्या लाटल्या, मुलगी नर्स झाल्यावर तिनं हातभार लावला, तेव्हा कुठे हे घर झालं. कराचं पहिलं बिल आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. माझ्या नावाच्या आधी ‘श्री.’ लिहिलं होतं. तीस वर्षांत मला कुणी श्री. म्हटलं नव्हतं.

हे साहेब आमच्याच खात्यात इंजिनियर होते. मी खाली, ते वर, नाकाला रुमाल लावून. आता रिटायर झालेत. याच टॉवरमध्ये राहतात, समाजसेवा करतात. कॅम्प त्यांनीच भरवला होता.

मी म्हटलं, “साहेब, मी अर्ज भरायला आलोय.”

“भरू ना रे. कुठं पळून चाललाय अर्ज? पाच मिनिटांचं काम आहे. सगळे म्हातारे लोक आहेत इथं, अडचण होते त्यांची.”

मीही म्हाताराच होतो. पण ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. रांगेतल्या एक बाई, चांगल्या शिकलेल्या, रिटायर शिक्षिका असाव्यात, गोड आवाजात म्हणाल्या, “करून टाका ना हो काका. तुम्हाला सवय असते.”

आणि मी गेलो.

याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते. साहेबांची नंतर. आधी माझी. कुणी ढकललं नाही, कुणी दम दिला नाही. पाय आपोआप निघाले. कागदांची पिशवी मी खिडकीत ठेवली आणि इस्त्रीच्या शर्टाची बाही दुमडली. दुमडताना बोटं जरासुद्धा अडखळली नाहीत.

आत पाणी काठोकाठ आलेलं. त्यावर चहाचे कागदी कप, भिजलेली भजी, कुणीतरी थुंकलेला गुटखा. सकाळपासून याच लोकांनी चहा प्यायला होता आणि कप इथं टाकले होते. कचऱ्याचा डबा दारातच होता. रिकामा. मी वाकलो. हात मनगटापर्यंत आत घातला.

तेवढ्यात एक गृहस्थ आत आले. पांढरा झब्बा, हातात घड्याळ. मी वाकलेलो त्यांना दिसलो. मी मान वर करून म्हटलं, “थांबा जरा, काम चालू आहे.”

“तू कर तुझं. मला घाई आहे.”

आणि त्यांनी तिथंच, माझ्या बाजूला उभं राहून, त्याच भरलेल्या पाण्यात लघवी केली. शिंतोडे माझ्या कोपरावर आले. गालावर आले. त्यांनी बघितलंही. सॉरी नाही, काही नाही. गुणगुणत बाहेर गेले.

भिंतीसमोर माणूस लाजत नाही. त्यांच्यासाठी मी भिंत होतो.

मॅनहोलमध्ये मी काय नाही बघितलं? मेलेली कुत्री उपसलीत. उलटी दाबून धरलीय. घरी येऊन दोनदा अंघोळ करून भाकरी खाल्लीय. पण तेव्हाही अशी ओकारी आली नव्हती. मी हात बाहेर काढला. नळ सोडून कोपरापर्यंत धुतला, तोंड धुतलं, परत धुतलं. संडास तसाच ठेवला. कप तरंगत होते.

पिशवी घेतली आणि टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. बाहीवरून पाणी ठिबकत होतं.

“झालं का रे?” साहेब म्हणाले.

“नाही. आणि मी करणार नाही. तुमच्या लोकांनी कप टाकलेत, तुमच्या लोकांनी काढायचे. माझा नंबर एकतीस आहे. माझा अर्ज घ्या. आणि मला अहो म्हणा.”

रांगेतली डोकी माझ्याकडे वळली.

साहेब हसले. “एवढं काय मनाला लावून घेतोस? मी काय जात काढली का तुझी?”

“काढायची गरजच पडली नाही तुम्हाला.”

त्यांचं हसू गेलं. माझे कागद त्यांनी उलटेपालटे केले. न वाचताच सरकवले. “कागद अपुरे आहेत. पुढच्या वेळी बघू.”

“कुठला कागद कमी आहे?”

त्यांनी पुढच्याला हाक मारली, “या हो, बसा.” पुढचा म्हणजे तो पांढरा झब्बा. त्याला खुर्ची मिळाली. शिक्षिका बाई मोबाइलमध्ये बघत होत्या. रांगेत तीस-चाळीस माणसं होती. एकही बोललं नाही.

घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं, लघवीचंसुद्धा. ती रडली नाही. म्हणाली, “गेलात कशाला आत?”

सोमवारी अर्ज मी स्वतः लिहिला. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं. पूर्वीच्या नोकरीच्या रकान्यात मलनिःसारण कामगार असंच लिहिलं, लपवलं काही नाही. पालिकेच्या ऑफिसात जाऊन दिला. तिथल्या माणसानं कागद तपासले. एकही कमी नव्हता. त्यानं पोचपावतीवर शिक्का मारून दिला.

सवलत अजून मंजूर नाही. नाकारली तर कारण लेखी मागणार. पुन्हा नाकारली तर वर जाणार. आणि त्या हॉलमध्ये पुढचा कॅम्प लागेल तेव्हा मी परत जाणार. आमच्या बाजूच्या चाळीतल्या, माझ्याबरोबर गटारात उतरलेल्या सगळ्यांना घेऊन जाणार. रांगेत उभे राहू. आमच्यातल्या एकालाही कुणी काम सांगितलं, तर आम्ही सगळे मिळून नाही म्हणू. मोठ्यानं. त्यांच्या तोंडावर.