बोरकरताईंच्या तीन ओळी

बोरकरताई चौथी ओळ लिहीत नसत. पनागरच्या शीतगृहात यंत्रांची देखभाल त्यांच्याकडे होती. त्यांचा मेल आला की शहरात, आमच्या सराफ्यातल्या ऑफिसात, हातातली कामं थांबायची. काय बिघडलं, काय करायचं, कधीपर्यंत, खाली नाव. नमस्कार नाही, आभार नाहीत. बातमी बहुतेक वाईटच असायची.

पनागरचे मेल मालकांपर्यंत, म्हणजे सेठजींपर्यंत पोचवणं हे माझं काम. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी ताईंना मटारच्या गाडीबद्दल पानभर मेल लिहिला. लगेच फोन आला. "एवढं काहून लिहून राहिलीस? वाचणारा उभा आहे असं समज. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पिशवी." विषयाच्या जागी मी 'अति महत्त्वाचे' लिहिलं होतं. "महत्त्वाचं आहे का ते त्याला ठरवू दे. गाडी किती वाजता येते ते लिही."

त्या गजरा माळत नसत, अत्तर लावत नसत. शीतगृहातल्या खोलीचं दार उघडलं की उंबऱ्याशीच थांबून आधी हवा हुंगायच्या. गारव्यासाठी नळ्यांतून अमोनिया फिरायचा. "नाकाला कळतं तोवर पळता येतं," त्या मला एकदा म्हणाल्या. "मग नाही." आणि हसून डब्यातली तिळाची चटणी माझ्यापुढे केली.

सेठजींना त्यांचे मेल खटकायचे. "मैडम को ज़रा तमीज़ सिखाओ. मालिक को ऑर्डर देती हैं!" ताईंना हे सांगायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मीच त्यांचे मेल गोड करून पुढे पाठवू लागले. आधी ख्यालीखुशाली, मग मालाची स्थिती, शेवटी 'शक्य झाल्यास'. सेठजी खूश झाले. आपण ताईंना सांभाळून घेतोय, असं मला वाटायचं.

ऐन हंगामात एका सकाळी मेल आला. 'दोन नंबरच्या खोलीत अमोनिया गळतोय. खोली आजच बंद करायची परवानगी द्या. तोवर कोणालाही आत पाठवू नका.'

मी तीन परिच्छेद केले. तिसऱ्यात लिहिलं, 'दोन नंबरमध्ये थोडा वास येत असल्याचे मॅडमचे म्हणणे आहे.' सेठजींनी फक्त पहिला परिच्छेद वाचला.

परवानगी आलीच नाही, म्हणून ताईंनी स्वतःच खोलीला कुलूप लावलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नळीचा सुटा भाग आणायला त्या शहरात आल्या. तेवढ्यात माल न्यायला ट्रक आला. गोदामाच्या मॅनेजरने सेठजींना फोन केला, सेठजी म्हणाले, "खोलो." गेंदालाल हमाल आत गेला. तो वाचला. डोळे गेले.

चौकशी लागली. सेठजींनी माझा मेल पुढे केला: मॅडमनी तर फक्त वास म्हटलं होतं. ताई माझ्या टेबलाशी आल्या आणि तो मेल उभ्याउभ्या पूर्ण वाचला. आवाज चढला नाही. "हे माझं नाही," एवढंच म्हणाल्या. मी घरी जाऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यांसमोर दोन्ही मेल ठेवले. त्याच संध्याकाळी माझी नोकरी गेली. ताई निर्दोष ठरल्या, पण त्यांनी राजीनामा दिला.

कायमचं नागपूरला जायच्या आदल्या दिवशी त्या मला गेंदालालच्या घरी घेऊन गेल्या. तो खाटेवर बसला होता, डोळ्यांवर पट्टी. मी ऑफिसातली आहे असं सांगितल्यावर त्याने विचारलं, "दीदी, गैस का पहले से पता था क्या?"

"भैया, बात ऐसी है कि उस दिन ऑफिस में..."

ताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मी थांबले.

"हाँ, पता था," मी म्हणाले. "मैडम ने लिखा था. मैंने दबा दिया."

गेंदालालने तोंड भिंतीकडे वळवलं. त्याची बायको दारात उभी होती. ताई उठल्या नाहीत, म्हणून मीही उठले नाही.