सकाळचं माप, दुपारचं माप

२००८ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो. तीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस मापला. जिनिंग बंद पडली, तेव्हा दारव्ह्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीचा चौकीदार झालो. तिथं मेश्राम मॅडम शिकवायच्या. कोणताही आकडा तीनदा घेतल्याशिवाय वहीत लिहायच्या नाहीत. चहावाल्यालाही भाव तीनदा विचारत.

परीक्षेला पोरं जास्त, कॉम्प्युटर कमी. म्हणून एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात दहा चालवायचे ठरले. ते करणारी सॉफ्टवेअरं दोन, दोन्ही फुकट, आतला कारभार कोणीही उघडून पाहावा अशी. "घर एक, चुली दहा, काका," मॅडम सांगायच्या. "कोणतं सॉफ्टवेअर चूल विझू देत नाही, ते पाहून राह्यली मी."

त्यांची नोकरी वर्षाच्या ऑर्डरवर. परीक्षा अडली तर पुढची ऑर्डर नाही, हे प्राचार्यांनी तोंडावर सांगितलेलं. मॅडमचा डबा भरलेलाच घरी जाऊ लागला. शेवटी पहिलं सॉफ्टवेअर जिंकलं. तसा मॅडमच्या सहीचा कागद प्राचार्यांकडे गेला. परीक्षेला दोनच दिवस होते.

मला राहवलं नाही. "मॅडम, पहिलं कधी मापलं?"

"सकाळी सातला."

"अन् दुसरं?"

"दुपारी दोनला. कायले?"

"सकाळचा कापूस दवानं जड भरते, दुपारचा हलका. त्या दोघांची बरोबरी मी जन्मात केली नाही. एप्रिलच्या दुपारी ही खोली भट्टी होते. मशीन धापा नाही टाकणार?"

मॅडमचा चेहराच उतरला. "तापलं की ते आपोआप हळू होते. मले माहीत होतं, काका! तुम्ही आधी काहून नाही बोलले?"

"मले कोण विचारते?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही एकाच उन्हात चालवली, तीन-तीनदा. पहिलं सातव्यावरच अडकलं. दुसऱ्यानं दहाही ओढले. मॅडम तडक प्राचार्यांकडे. मी पाणी घेऊन मागे.

"सर, माझा कागद चुकला. चूक चौकीदारकाकांनी धरली."

"मग पगारही त्यांनाच देऊ!" प्राचार्य हसले.

"द्या सर. पण सॉफ्टवेअर दुसरं टाका."

परीक्षा पार पडली. त्याच संध्याकाळी कळलं, ऑर्डर पुढे नाही. स्वतःच सही केलेला कागद फिरवणारा माणूस नको, असं प्राचार्य म्हणाले म्हणे. मॅडम वह्या पिशवीत भरत म्हणाल्या, "पोरांचे पेपर झाले ना, काका? मग झालं."

मी कधी कोणापुढे अर्ज केला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या तिसरीतल्या अक्षरात मॅडमसाठी एक लिहिला अन् नेला. प्राचार्य म्हणाले, "मला वेळ नाही."

"मले आहे," म्हणालो, अन् त्यांच्या दारातच बसलो.