दिवा वाढवणारे भावोजी

देवापुढच्या समईलाही कोणी जपलं नसेल इतकं एका दिव्याला जपणारा माणूस साऱ्या डोंबिवलीत एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला दीर म्हणून आला. लढाईनंतर लष्कराचं सामान लिलावात निघालं, त्यातून धाकट्या भावोजींनी सिनेमाचा प्रोजेक्टर आणला. दिवसा ऑफिस, आणि कुठे गणपती, सत्यनारायण असला की कल्याणपासून ठाण्याच्या कोपरीपर्यंत खेळ. यंत्र दणकट होतं. नाजूक होता तो त्यातला दिवा.

मी चौथी पास. पण भावोजींच्या हाताखाली दिव्यांच्या विषयात मॅट्रिक झाले. हजार वॅटचा दिवा लख्ख पण अल्पायुषी, साडेसातशेचा मंद पण संसारी, आणि आवाजासाठी आणखी एक बोटभर दिवा असतो, हे मी नळावर शेजारणींना शिकवत असे. त्या माना डोलवत आणि माझी पाठ वळली की हसत. भावोजी साडेसातशेचाच लावत आणि तो टिकावा म्हणून त्याला वीजही जरा कमीच देत. त्यामुळे आमच्या पडद्यावर सिनेमातल्या भर दुपारीसुद्धा दिवेलागण झालेली असे. कोणी ओरडलं, "अहो, हिरो दिसत नाही!" तर म्हणत, "आवाज येतोय ना? मग आहे तो."

काचेला बोट लावायची सक्त मनाई. "वहिनी, तुमची बोटं म्हणजे तेलाची बुधली. डाग पडला की काच तिथेच तापते आणि फुगते." टांग्यातून जाताना दिवा माझ्या लग्नाच्या शालूत गुंडाळून त्यांच्या मांडीवर, आणि सासूबाई मागे कशाबशा दांडी धरून. खेळ संपल्यावर दिवा बंद करायचा, पण काच निवेपर्यंत यंत्रातला पंखा चालूच ठेवायचा आणि यंत्र हलवायचं नाही. "तापलेली तार म्हणजे दुखण्यातून उठलेलं माणूस, वहिनी. धक्का सोसत नाही." सख्खा भाऊ टायफॉइडमधून उठला तेव्हा एवढी काळजी नव्हती केली.

तिशी उलटली तरी लग्न जमेना. शेवटी कल्याणचं एक स्थळ मीच आणलं. "हे हुकलं तर हा असाच राहणार," असं सासूबाईंनी मला बजावलं. मुलीचे वडील म्हणाले, मुलाचा खेळच पाहू. आमच्याच चाळीच्या अंगणात पडदा बांधला. नेमका तेव्हा भावोजींकडे एकच दिवा उरला होता. पहिलं रीळ संपलं आणि मुलीच्या वडिलांनी त्यांना हाक मारली. भावोजी जन्मात पहिल्यांदाच गडबडले. दिवा तसाच जळत ठेवून निघाले आणि जाता जाता मला म्हणाले, "वहिनी, आज दिवा वाढवायचाय हं!"

आता आमच्या घरात दिवा 'विझव' म्हणणं अशुभ. बांगडी वाढते, तसा दिवाही वाढवायचा. मी शहाण्यासारखा भिंतीतला प्लगच उपटला. दिव्याबरोबर पंखाही गेला. भावोजी धावत आले, प्लग लावला. काच गालगुंड झाल्यासारखी एका बाजूला सुजली होती. एकदा लखकन चमकली, टप् आवाज झाला आणि अंधार.

"अहो वहिनी, हे काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, वाढवा!"

"अहो, आयुष्य वाढवायचं म्हणत होतो मी!"

सगळं अंगण हसलं. सगळ्यांत मोठ्याने मुलगी हसली. पण भावोजींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते वर्तमानपत्राची घडी करून मेलेल्या दिव्याला वारा घालत होते. मुलीचे वडील उठले. "जावईबापू दिव्याला वारा घालणार, आणि आमच्या मुलीने काय अंधारात बसायचं?"

योग नाही, असा निरोप आला. वहिनीने दिराचं लग्न वाढवलं, असं चाळीत बरीच वर्षं म्हणत. मीही हसत असे. न हसून काय करणार? भावोजी मात्र मला एका शब्दाने बोलले नाहीत. दुसरं स्थळ आलं नाही, आणि ते शेवटपर्यंत माझ्याच हातचं जेवले. त्या मुलीचं बरंच झालं, असं मी आजही म्हणते. असा माणूस सांभाळणं ओझंच होतं. पण ओझं उतरल्यावर माणसाला बरं वाटतं म्हणतात, तसं काही मला वाटलं नाही.